मारकी घोडी

अंगावर एक माशी बसली तरी घोड्याला कळते. तेवढीच कातडी थरथरवून तो ती उडवतो. मिरजेत आमचा टांगा होता, त्यामुळे हे आम्ही लहानपणीच पाहिले. पण आमची शबनम फारच नाजूक. वैशाखात माश्या वाढल्या की तिच्या पोटाखाली गांधी उठत, आयाळीच्या मुळाशी घासून घासून रक्त येई. स्टँडवर ती लाथा झाडी. लोक म्हणत, "मारकी आहे, विकून टाका." विकली तर घरची चूल कशावर पेटणार? आणि घेणाराही चाबूकच उचलणार.

अब्बांनी चाबूक खुंटीला टांगला. म्हणाले, "हा राग नाही, अंगाची आग आहे."

चावणारी माशी शेणात, मुतलेल्या ओल्या गवतात अंडी घालते. म्हणून रोज शेण दूर नेऊन तबेला कोरडा करणे हे आम्हा भावंडांचे काम. चिलटे पहाटे आणि तिन्हीसांजेला चावतात. त्या वेळी तिला आत बांधून पंखा लावायचा. वाऱ्यापुढे चिलटांचे काही चालत नाही. दुपारी अंगावर पातळ सुती झूल, कपाळावर दोऱ्यांची झालर. शेपूट मात्र कधी कापले नाही. तेच तिचे हत्यार.

हे लाड नव्हते. गोमाशीच्या चाव्यातून सर्रा पसरतो. त्याचे जंतू १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांना डेरा इस्माईल खान येथे घोड्या-उंटांच्या रक्तात सापडले.

आज दारात टांगा नाही. पण कुणालाही मारके ठरवण्याआधी त्याला काय चावते आहे ते पाहावे, एवढे त्या तबेल्याने आम्हाला शिकवले.