काठावरची सायकल

साठी उलटली, तरी माझे कार्टूनचे वेड सुटलेले नाही. नातवंडे हसतात, हसोत बापडी! मात्र मिखाएल दुडोक द विट यांचा २००० सालचा ‘फादर अँड डॉटर’ मोबाईलवर पाहताना मी दार लोटून घेतो. जेमतेम आठ-नऊ मिनिटांचा लघुपट. संवाद एकही नाही. वडील होडीतून निघून जातात. मुलगी सायकलवरून त्या काठावर येत राहते. पुढे तरुणी, आई, म्हातारी होऊनही. चेहरे धड दिसत नाहीत, लांब सावल्याच बोलतात. शेवटी आटलेल्या पाण्यात तिला ती होडी सापडते.

माझे बाबा जहाजावरच्या नोकरीसाठी निघाले, तेव्हा मी शाळेत होतो. ते परतले नाहीत. चित्रातले वडील मात्र होडीकडे उतरून पुन्हा धावत वर येतात, लेकीला कवटाळतात. त्या मिठीपाशी मी दर वेळी लघुपट थांबवतो.