तेज आणि तेज़

बासी ईदच्या दिवशी, घरात पाहुणे बसलेले असताना, मी मुलाच्या ॲम्पची वायर भिंतीतून उपटली. एक शब्दही बोललो नाही. त्याने गिटार खोळीत घातली, चेन ओढली आणि ती कपाटावर ठेवून दिली. पुढचे वीस दिवस ती तिथेच होती. मुलगा जेवत होता, माझ्यासोबत नमाजला येत होता, विचारलं की उत्तर देत होता. आपणहून मात्र काही बोलत नव्हता.

वायर उपटायला कारण होतं. अम्मीचं वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी तिला कानाचं मशीन घेतलं. म्हातारपणी आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. 'स', 'श', 'फ' निसटतात आणि माणूस अर्धं वाक्य अंदाजाने ऐकतो. मशीन नेमके तेच आवाज वाढवून कानात सोडतं. त्यात अशा कानाची आणखी एक खोड असते: हळू आवाज ऐकू येत नाही, आणि थोडा मोठा झाला की एकदम सोसवत नाही. त्या दिवशी मुलाने गिटारची तार छेडली आणि अम्मीने दोन्ही हात कानांवर दाबले. "ये तार है की सुई?" एवढंच म्हणाली. मग मशीन काढून पानदानात ठेवून दिलं. ते त्या दिवसापासून पानदानातच होतं. म्हणजे घरात एकाने वाजवणं सोडलं होतं आणि दुसरीने ऐकणं.

मी शिक्षक आहे. सकाळी उर्दू शिकवतो, दुपारी मराठी. मुलाला चारचौघांत बोलू नये, हे बी.एड.ला शिकलो आणि वीस वर्षं पालकसभेत दुसऱ्यांना सांगत आलो. विसाव्या दिवशी रात्री त्याच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "माझं चुकलं. पाहुण्यांसमोर तसं करायला नको होतं."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "अब्बू, आवाज खरंच वाईट आहे. मलाही सहन होत नाही. पण कशामुळे बिघडला तेच कळत नाही."

मी समजत होतो की तो रागावलाय. तो खरं तर शरमला होता. दहावीनंतर शिकवण्या घेऊन जमवलेल्या पैशांतून त्याने ती जुनी गिटार घेतली होती. तिचा आवाज दबलेला होता, रजईत गुंडाळल्यासारखा. हा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला. सुट्टीत त्याने ती उघडली, व्हिडिओ बघून आतलं बरंच काही बदललं, आणि आता ती सुईसारखी टोचत होती. स्वतःच्या हाताने बिघडवलेली वस्तू कुणाला दाखवणार?

"काय काय बदललंस?" मी विचारलं. तो सांगत गेला, मी वहीत लिहीत गेलो. आवाजाच्या नॉबखाली अडीच लाख ओहमचा पॉट होता, तो काढून पाच लाखांचा बसवला. टोनचे दोन्ही नॉब तोडून टाकले, कारण व्हिडिओत म्हटलं होतं की ते आवाज खातात. आवाज कमी केला तरी उंच स्वर हरवू नयेत म्हणून व्हॉल्यूमच्या पॉटवर एक छोटा कॅपॅसिटर जोडला. पुलाजवळचा पिकअप तारांच्या अगदी जवळ वर घेतला. सहा मीटरची जुनी केबल टाकून दोन मीटरची नवी आणली.

पाच बदल, तेही एकाच दिवशी. वही बघून मला वर्ग आठवला. एखादं मूल शुद्धलेखनात नापास होतं, तेव्हा आम्ही आधी निदान चाचणी घेतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, जोडाक्षर चुकतं, की ऐकण्यातच घोटाळा आहे? ते कळल्यावर उपचारात्मक अध्यापन, आणि तेही एका वेळी एकाच चुकीवर. सगळ्यावर एकदम लाल शाई फिरवली तर मूल फक्त घाबरतं. मी म्हणालो, "एका वेळी एकच गोष्ट मागे घेऊ. प्रत्येक वेळी ऐकू."

आता शिक्षक तो आणि विद्यार्थी मी. त्याने समजावलं: पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. हे वेढे आणि केबल मिळून एका ठरावीक उंचीच्या स्वरांना उचलून धरतात. त्याच्यासारख्या गिटारमध्ये ती उंची साधारण तीन ते पाच हजार हर्ट्‌झची असते, आणि माणसाचा कानही त्याच पट्ट्यात सर्वांत हळवा असतो. पॉट या उचलण्याला लगाम घालतो. पॉटची किंमत कमी असेल तर लगाम घट्ट, जास्त असेल तर सैल. केबल लांब असेल तर ती उंची खाली सरकते, आखूड असेल तर वर जाते. याने लगामही सोडला होता आणि उंचीही वाढवली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी त्याला घेऊन सतारमेकर गल्लीत गेलो. आम्ही मिरजेचे. दीडशेहून अधिक वर्षं या गावात सतार आणि तंबोरे बनतात, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्या ओळखीचे एक चाचा तिथे जवारी काढतात. सतारीच्या घोडीचा वरचा पृष्ठभाग कानसीने असा घासायचा की कंप पावणारी तार त्याला हलकेच स्पर्शत राहील. त्यावर आवाजाचा सगळा रंग ठरतो. खुली जवारी झणझणीत आणि उघडी, बंद जवारी गोल आणि मऊ. पंडित रविशंकरांची सतार खुल्या जवारीसाठी ओळखली जाते, उस्ताद विलायत खाँसाहेबांची बंद जवारीसाठी.

मुलाने त्यांना मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. चाचा हसले. "जवारी ज्यादा खुल गई है," म्हणाले. मग कानस खाली ठेवून म्हणाले, "थोडं घासायचं, तार चढवायची, ऐकायचं. परत थोडं. काढलेलं हाड परत लावता येत नाही, बेटा. तुझ्या डब्यात तर सगळं परत लावता येतं. मग घाबरतोस कशाला?"

त्या रात्री आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरून बसलो. आधी फुकटातल्या गोष्टी केल्या. ॲम्प टेबलावर अम्मीच्या दाराकडे तोंड करून ठेवलेला असायचा. उंच स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर जातात, बाजूला कमी पसरतात. ॲम्प खाली ठेवला, तोंड पडद्याकडे वळवलं. मग स्क्रू सैल करून पिकअप खाली घेतला, बारीक तारांच्या बाजूने जरा जास्त. ओरखडा कमी झाला, टोचणं राहिलं.

मग डब्याला हात लावला. पाच लाखांचा पॉट काढायची गरज नव्हती. त्याच्या दोन टोकांना चार लाख सत्तर हजार ओहमचा रेझिस्टर समांतर जोडला की दोन्ही मिळून सुमारे दोन लाख बेचाळीस हजार होतात, म्हणजे जवळपास मूळच्या इतकेच. वस्तू दोन-तीन रुपयांची. कथलाचा एक डाग इकडे, एक तिकडे. त्याने तार छेडली आणि आम्ही दोघांनी एकदम एकमेकांकडे बघितलं. सुईचं टोक मोडलं होतं.

पण आवाज कमी केला की गिटार पुन्हा पातळ आणि किरकिरी व्हायची. तो त्या कॅपॅसिटरचा प्रताप होता. नॉब खाली आणला की बाकी सगळं कमी व्हायचं, उंच स्वर तेवढे त्यातून पळून यायचे. त्याच्या शेजारी दीड लाखाचा रेझिस्टर समांतर जोडला, तेव्हा सगळे स्वर बरोबरीने उतरू लागले. शेवटी टोनचा एक नॉब परत जोडला, आणि या वेळी तो पुलाजवळच्या पिकअपलाही लागू केला. या पद्धतीच्या गिटारमध्ये मूळच्या जोडणीत त्या पिकअपला टोनचा नॉबच नसतो, आणि सर्वांत कर्कश तोच असतो.

रात्रीचे साडेबारा वाजले होते. "अजून मऊ करू या का?" मी विचारलं. मला अम्मीची काळजी होती. जुनी लांब केबल लावली असती तर आणखी मऊ झालं असतं.

"नको अब्बू," तो म्हणाला. "मग पुन्हा रजईत जाईल. हे एवढं राहू दे. नॉब आहे ना आता."

मी वर्गात मुलांना एक शब्द नेहमी फळ्यावर लिहून दाखवतो. मराठीत तेज म्हणजे चमक, कांती. उर्दूत नुक्ता दिला की तेज़, म्हणजे धारदार, तिखट. मुलं नुक्ता विसरतात आणि मी गुण कापतो. त्या रात्री माझा मुलगा दहा आकड्यांच्या नॉबवर तोच नुक्ता शोधत होता. सातच्या पुढे गेला की तेज़, सहावर आला की तेज.

शुक्रवारी जुम्म्यानंतर तो अम्मीच्या खोलीच्या दाराशी बसला. ॲम्पचा आवाज हळू ठेवला, टोन सहावर. अम्मी सुपारी कातरत होती. तिला काही ऐकू येत नव्हतं, तिने फक्त त्याची बोटं हलताना बघितली. थोडा वेळ बघत राहिली. मग पानदान उघडलं, कात-चुन्याच्या डब्यांमधून मशीन काढलं, ओढणीने पुसलं आणि कानात बसवलं.

तो थांबला. माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोललो नाही.

"रुका कायको?" अम्मी म्हणाली. "बजा."