टाकी फुल असली की बंद पडते

आप्पांची चेतक २००१ची. पंधरा वर्षांनी आरसी एकदा रिन्यू झाली, पाच वर्षांनी परत एकदा. आता पुन्हा करायची वेळ आली तेव्हा आईने मला पुण्याला फोन केला. "या वेळी राहू दे. गाडी रस्त्यात बंद पडते. आणि गाडीचं एक वेळ सोड, मला त्यांचीच काळजी वाटते. पेट्रोलचा कॉक चालू करायला विसरत असणार."

आप्पा निवृत्त शिक्षक, वय एकाहत्तर. हल्ली एकच गोष्ट दोनदा सांगतात, कधी मला धाकट्या काकांच्या नावाने हाक मारतात. त्यामुळे त्यांनी फोन घेऊन, "अरे, टाकी फुल असली की लवकर बंद पडते, अर्धी असली की जरा लांब जाते," असं सांगितलं तेव्हा मी नुसतं हो हो केलं. पेट्रोल जास्त म्हणून गाडी बंद? ऑफिसात मी दिवसभर युजरच्या तक्रारी वाचतो. असली तक्रार आली तर आम्ही 'आमच्याकडे नीट चालतंय' असं लिहून मोकळे होतो.

कऱ्हाडच्या मेकॅनिकने तेच केलं होतं. प्लग बदलला, कार्बोरेटर खोलून जेट फुंकला, टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघितलं, कोपऱ्यापर्यंत चक्कर मारली आणि म्हणाला, "गुरुजी, गाडी एकदम ओके." पुढच्या खेपेला कॉइल बदलली. त्याचा संशय काही वेडगळ नव्हता. जुनी कॉइल गरम झाली की ठिणगी देईनाशी होते, थंड झाली की परत देते. गाडीही दहा मिनिटं थांबलं की चालू व्हायची. पण कॉइल नवी घालूनही ती ओगलेवाडीच्या रस्त्यावर बंद पडतच राहिली.

शनिवारी मी गेलो. खरं सांगायचं तर दुरुस्त करायला नाही. आता ही काढून टाकू या, हे आप्पांना पटवायला गेलो होतो. त्यांच्याच हट्टाने टाकी फुल केली. मी चालवत होतो, आप्पा मागे. कृष्णेचा पूल ओलांडला आणि थोड्याच वेळात इंजिन मरगळलं, अ‍ॅक्सिलरेटरला साथ देईना, बंद. मी आधी वाकून कॉक बघितला. चालू होता.

उजवं कव्हर काढलं, फडक्याने धरून प्लग काढला, टोपीत बसवून इंजिनला टेकवला. आप्पांनी किक मारली. कडक निळी ठिणगी. म्हणजे कॉइल सुटली. पण प्लगचं टोक ठणठणीत कोरडं. फुल टाकी असून पेट्रोल खाली पोचतच नव्हतं.

"झाकण उघडून पेट्रोल बघ, मग होते चालू," आप्पा म्हणाले.

"आप्पा, आत्ताच भरलंय की."

"तू बघ तर."

सीट उचलली, झाकण सैल केलं. फुस्स! बाहेरची हवा आत शिरली. पहिल्या किकला नाही, पण तिसऱ्या किकला गाडी चालू.

चेतकला पेट्रोल ओढायला पंप नाही. टाकी वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. जेवढं उतरेल तेवढी हवा वरून आत यावी म्हणून झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीतला दाब कमी होत जातो आणि शेवटी पेट्रोल उतरायचंच थांबतं. स्ट्रॉचं वरचं तोंड बोटाने दाबून धरलं की आतलं पाणी गळत नाही, तसं. आणि फुल टाकीत हवेला जागाच थोडी, त्यामुळे जरासं पेट्रोल उतरलं तरी दाब झपकन पडतो. अर्ध्या टाकीत हवा जास्त, म्हणून गाडी लांब जाते. पेट्रोल आहे का ते बघायला झाकण उघडलं, की त्या बघण्यानेच बिघाड नाहीसा! मेकॅनिकला तो सापडणार तरी कसा?

आप्पांचा शब्द न् शब्द बरोबर होता. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच आईला फोन लावला.

घरी येऊन झाकण नीट बघितलं. आत ट्यूबमधून कापलेली रबराची अखंड चकती, भोकावर गच्च बसलेली. "मेकॅनिकचं काम असणार," आप्पा म्हणाले. मला ते लगेच पटलं.

आप्पा गाडीची वही ठेवतात. तारीख, किलोमीटर, लिटर, खर्च. दुपारी ते झोपले होते तेव्हा मी सहज ती चाळायला घेतली. ऑफिसची सवय: शेवटचं नीट कधी चाललं, त्यानंतर काय बदललं. 'बंद पडली' अशी पहिली नोंद सापडली. तिच्या चार दिवस आधी, त्यांच्याच वळणदार अक्षरात: 'झाकणातून पेट्रोल झिरपते. सायकलच्या ट्यूबचे रबर घरीच कापून बसवले.'

वही होती तिथे ठेवली. दाभण घेऊन चकतीला भोक पाडलं. संध्याकाळी परत फुल टाकीवर निघालो. आता आप्पा चालवत होते, मी मागे. ओगलेवाडीचं स्टेशन, तिथून मागे घरी. कुठेही थांबली नाही. गिअर बदलताना त्यांचा हात एकदाही चुकला नाही. मी लक्ष ठेवून होतो.

रात्री त्यांनी वही काढली, मला तारीख विचारली, किलोमीटर लिहिले. 'झाकणाला भोक पाडले' असं लिहून पेन थांबवलं.

"कुणी बसवलं असेल रे ते रबर?"

"मेकॅनिकने," मी म्हटलं.

त्यांनी तेही लिहून ठेवलं.