बांधावरून दिसणारा रंग

आज चित्राचं लिहितो. शेवटी शेतावरच येणार आहे, वाचा.

माझा पुतण्या कॅनडात सस्काटूनला असतो. सस्काचेवान प्रांत. आपल्याकडं येणारी मसूर बरीचशी तिथलीच. सपाट माळ, नजर जाईल तिथवर पीक. त्यानं विल्यम पेरेहुडॉफ या चित्रकाराची चित्रं मोबाईलवर धाडली. १९१८ चा जन्म, लँगहॅम गावचा, शेतकऱ्याच्या घरातला माणूस. पण चित्रात ना झाड ना ढेकूळ, नुसते रंगाचे पट्टे. मी म्हणलं, "बाबा, हे तर लुगड्याचे काठ झाले."

मग त्यानं पेरेहुडॉफच्या बायकोची, डोरोथी नोल्स यांची चित्रं धाडली. त्याही शेतकऱ्याचीच लेक. त्यांच्या चित्रात झाडं, पाणी, आभाळ ओळखू येतं. कोळशाच्या रेघा अन् वर पातळ रंग. १९६२ साली एमा लेकच्या कार्यशाळेत न्यूयॉर्कचे समीक्षक क्लेमेंट ग्रीनबर्ग आले होते. ते अमूर्त चित्रांचे पुरस्कर्ते, तरी यांना म्हणाले, तुम्ही निसर्गच रंगवा. एकाच घरात दोघं. एकानं नुसता रंग ठेवला, दुसरीनं झाडही ठेवलं.

तिथं उन्हाळ्यात कॅनोला पिवळाधमक फुलतो, जवस निळं. लांबून पट्टेच दिसणार की!

दुसऱ्या दिवशी बांधावर उभं राहून, डोळे बारीक करून माझं सोयाबीन बघितलं. झाडं दिसेनात, रंग दिसला. खालच्या अंगाला पिवळा पट्टा, बरोबर पाणी साचतं तिथं. तासातून रोज फिरत होतो, पट्टा कधी कळला नाही. मग जवळ गेलो. शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या. म्हणजे लोह कमी. नत्र कमी असतं तर बुडाची जुनी पानं आधी पिवळी पडली असती. मागच्या साली हाच पिवळा रंग बघून मी युरिया फेकला होता. पैसा गेला, त्या पट्ट्यातलं पीकही गेलं. चूक माझीच.

यंदा आधी चर काढून पाणी काढलं, मग फेरस सल्फेट फवारलं. नवी पानं हिरवी येतायत.

म्हणजे लांबून रंग बघायचा अन् जवळून पान. दोन्ही लागतं.

बांधावरचा फोटो पुतण्याला धाडला. त्याच्या वाट्याचे दोन एकर मीच करतो. तो म्हणाला, "काका, तो पिवळा पट्टा माझ्या तुकड्यात हाय ना?" म्हणलं, होय, तुझ्याच.

एवढ्या लांबून त्यानं ओळखलं.