तहांच्या किल्ल्यास

वसईच्या किल्ल्या,

तुझं नाव निघालं की आमच्या तोंडी एकच साल येतं: १७३९, मराठ्यांनी तुला पोर्तुगीजांकडून जिंकलं ते. यायलाच हवं. सेबास्तियन बुरुजाखाली उडवलेले सुरुंग, खिंडारात पडलेली मराठ्यांची प्रेतं, आणि ‘निदान माझं मस्तक तोफेनं आत उडवा’ ही चिमाजी आप्पांची दंतकथा. शाळेपासून पाठ आहे. पण तुझं नशीब खरं ठरलं ते कागदावर, तेही तीनदा.

पहिला कागद डिसेंबर १५३४चा. हुमायूनच्या धास्तीनं गुजरातच्या बहादूरशहानं तुला पोर्तुगीजांच्या ओटीत घातलं. सोबत मुंबईची बेटंही गेली. (मुंबईकरांनी ऐकावं: तुमची मुंबई तेव्हा वसईची शेपूट होती.) मग तुझ्या पोटात चर्च, मठ, हवेल्या उठल्या. इथला काळा दगड गोव्याच्या बॉम जेझूच्या दर्शनी भिंतीपर्यंत पोचला.

दुसरा कागद मे १७३९चा, आणि मला सुरुंगांपेक्षा तोच मोठा वाटतो. इतकी माणसं गमावूनही मराठ्यांनी हरलेल्या पोर्तुगीज शिबंदीला हत्यारांनिशी, ताशे वाजवत, निशाणं फडकवत बाहेर जाऊ दिलं. मागे राहतील त्यांना त्यांचा धर्म पाळण्याची मोकळीक दिली. वसईतले ख्रिस्ती आजही घरात सामवेदी, वाडवळी, कोळी बोलतात. चर्चच्या घंटा मात्र आम्ही उतरवल्याच. त्यातली एक भीमाशंकराच्या देवळात टांगली आहे. औदार्याला अशी एखादी खोट असायचीच.

तिसऱ्या कागदाबद्दल आम्ही तुझ्याशी बोलत नाही. ऑक्टोबर १८०२मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या फौजेला धूळ चारली आणि दुसरा बाजीराव पळत सुटला, तो अखेर इंग्रजांच्या आसऱ्यानं तुझ्याकडे आला. ३१ डिसेंबरला त्यानं सही केली: कंपनीच्या सहा पलटणी कायमच्या पदरी, त्यांच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कुणाशी लढाई नाही की तह नाही. पेशवाई बुडायला १८१८ उजाडलं, पण तिची किल्ली त्या दिवशीच दिली गेली. चिमाजी आप्पा या बाजीरावाचे चुलत आजोबा. त्रेसष्ट वर्षांत एकाच घराण्यानं तुझ्या आवारात जिंकणं आणि शरण जाणं, दोन्ही दाखवलं.

मे महिन्यात आम्ही चिमाजींच्या पुतळ्याला हार घालतो. ३१ डिसेंबरलाही वसईत गर्दी असते, पण ती किनाऱ्यावर, वर्ष संपवायला.

तुझा,
एक वसईकर