‘तपासणी पूर्ण’

आमचा पुतण्या लिव्हरपूलचा निस्सीम भक्त. ३० सप्टेंबर २०२३ च्या रात्रीं, वडील मंडळी निजल्यावर, लंडनमधील टॉटनहॅमविरुद्धचा सामना आम्ही दोघे दूरचित्रवाणीवर आवाज बंद करून पाहत होतों. लुइस डियासनें गोल केला. रेषापंचानें ऑफसाइडचें निशाण उंचावलें. “काका, आतां व्हिडिओ-पंच पाहीलच,” पुतण्या निःशंकपणें म्हणाला.

त्यानें पाहिलेंही! गोल निर्दोष आहे हें त्याला दिसलें. परंतु मैदानावर तो मान्यच झाला आहे अशा समजुतीनें त्यानें ‘तपासणी पूर्ण’ एवढेंच कळविलें, आणि गोल रद्द राहिला. कांहीं सेकंदांतच चूक उमगली. पण खेळ पुन्हां सुरू झाल्यावर निर्णय फिरवितां येत नाहीं, असा नियम. लिव्हरपूल २–१ हरलें. (त्यांचे दोन गडी बाहेर काढले गेले, तो वाद निराळा.)

पुढें पंचांचें संभाषण प्रसिद्ध झालें. पूर्वीं पंचाला दिसलें नाहीं म्हणून आपण सोडून देत असूं. येथें तर दिसलें होतें! “म्हणजे त्यांना ठाऊक होतें, काका?” पुतण्यानें विचारलें. मला उत्तर सुचलें नाहीं.

हल्लीं गोल झाला तरी तो जागचा उठत नाहीं. पंचाचा हात कानाकडे जातो कीं काय, तें आधीं पाहतो.