बापूचा कान

आमच्या गावात पोराचा कान फुटला म्हटलं की कुणी दचकत नाही. सर्दी-पडशासारखंच ते. माझा धाकटा भाऊ बापू चार वर्षांचा असताना त्याचा डावा कान फुटला. आईनं लसूण घालून गोडं तेल कोमट केलं आणि दोन थेंब सोडले. मग झेंडूच्या पाल्याचा रस झाला. थोडे दिवस कान वाळला, पावसाळ्यात परत वाहायला लागला. म्हातारी माणसं म्हणायची, "ल्हानपनी समद्यांचाच फुटतोय. मोठा झाला की आपसूक र्‍हाईल." आण्णांनीही तेच धरलं. आमचं गाव खटाव तालुक्यात, मायणीच्या बाजूला. पावसाचा पत्ता नाही, हातात पैसा नाही. डॉक्टर म्हणजे अगदी जिवावर बेतल्यावर.

1972 च्या दुष्काळात आई-आण्णा खडी फोडायला जायचे, तेव्हा बापूचा कान पुसायचं काम माझ्याकडं आलं. काडेपेटीतली काडी घ्यायची, तिला कापूस गुंडाळायचा आणि पू टिपायचा. हेही चूकच होतं, पण सांगणार कोण? आधी ते पाणी शेंबडासारखं तार धरायचं, त्याला वास नसायचा. पुढं दोनेक वर्षांत ते कमी झालं. कमी झालं म्हणून घरात सगळ्यांना बरं वाटलं. पण त्याला वास यायला लागला. उंदीर मरून पडल्यासारखा. मला तो रोज यायचा आणि मी कुणाला बोललो नाही. उलट वैतागून त्याला 'बहिऱ्या' म्हणायचो, रात्री माझी वाकळ लांब ओढून घ्यायचो. शाळेत पोरं शेजारी बसू देईनात म्हणून गुरुजींनी त्याला मागं भिंतीकडं बसवलं. तिथं त्याला आणखीच ऐकू येईना. मग लक्ष नाही म्हणून छड्या.

बारा वर्षांचा असताना एका सकाळी चहा पिताना त्याच्या तोंडाच्या डाव्या बाजूनं चहा गळायला लागला. डावा डोळा मिटेना. हसला तर तोंड उजवीकडं ओढायचं. बाया म्हणाल्या, वारं गेलं. चार दिवस देवरुश्यात गेले. पाचव्या दिवशी ताप भरला, तेव्हा आण्णांनी शेळी विकली आणि आम्ही एसटीत बसलो. विटा, तासगाव, सांगली, मिरज.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. 1894 साली डॉ. वानलेस यांनी तिथं मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून आमच्याकडची आणि पार कर्नाटकातली माणसं तिकडंच धाव घेतात. आम्ही ज्या कानाच्या डॉक्टरांकडं गेलो, त्यांनी कपाळावरच्या आरशानं कानात उजेड पाडला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "वास कधीपासून येतोय?"

आण्णा आईकडं बघायला लागले, आई आण्णांकडं. मी म्हटलं, "दोन वरसं."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. बोलले काही नाहीत. त्या बघण्याची आठवण अजून जात नाही.

डॉक्टरांनी पाटीवर चित्र काढून सांगितलं. कान फुटण्याचे दोन प्रकार. एकात पडद्याला मधोमध भोक पडतं, सर्दी झाली की पाणी येतं, वास नसतो. त्याला घाई नसते. लहान पोराची नाकातून कानाकडं जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, सारखी सर्दी होते, म्हणून पडदा शिवला तरी परत फाटायची भीती. औषधानं कान कोरडा ठेवायचा, पाणी जाऊ द्यायचं नाही आणि पोरगं आठ-दहा वर्षांचं झालं की कानाच्या वरचाच पातळ पापुद्रा घेऊन पडद्याला ठिगळ लावायचं. बरीच वर्षं बापूचं दुखणं बहुधा तिथंच होतं. दुसऱ्या प्रकारात कातडी आत ओढली जाऊन तिची गाठ वाढते आणि ती हाड खात जाते. पाणी थोडंच येतं, पण घाण वास मारतं. तिथं वय बघत नाहीत. चेहऱ्याची शीर त्याच हाडातून जाते, आणि हाडाच्या वर मेंदू.

"हे ऑपरेशन जीव वाचवायला आहे," डॉक्टर म्हणाले. "ऐकू येईल असं मी सांगत नाही."

कानामागचं हाड कोरून सगळं साफ केलं. पाच-सहा महिन्यांत चेहरा बराचसा सरळ झाला. डावा कान मात्र गेला तो गेलाच.

पुढं माझी अवस्था अशी झाली की कुणाचंही पोर कानाला हात लावताना दिसलं की मी मिरजेचा पत्ता सांगायचो. लोक हसायचे. पण आमच्या आळीतली एक पोरगी दोन वर्षांची होऊनही बोलेना. ताट पडलं तरी वळून बघेना. "बापबी उशिराच बोलला हुता," असं घरचे म्हणायचे. 2013 पासून अंगणवाडीत मुलं तपासायला डॉक्टरांची गाडी येते, त्यांनी ओळखलं. जन्मापासूनच ऐकू येत नव्हतं, मशीन लावूनही भागेना. अशा पोरांच्या आतल्या कानात ऑपरेशन करून यंत्र बसवतात, पण वेळ फार थोडा असतो. बोली शिकायची पहिली चार-पाच वर्षं हातची गेली की यंत्राचा उपयोग कमी होत जातो. तिचं वेळेत झालं. नंतर आई तिला बोलणं शिकवायला वर्षानुवर्षं सांगलीला नेत होती. ती ऑपरेशनापेक्षा मोठी मेहनत.

आणि मग माझाच नातू. पाच वर्षांचा. हाक मारली की "आं?" टीव्हीचा आवाज वाढवायचा. बाई म्हणाल्या, वर्गात लक्ष नसतं. दुखणं नाही, पू नाही. मला बापूची भिंत आठवली. पैसे कमरेला बांधूनच सांगलीला गेलो. डॉक्टरांनी कानात बारकं बोळं घालून यंत्रावर आलेख काढला, ऐकण्याची तपासणी केली आणि म्हणाले, दोन्ही पडद्यांमागं डिंकासारखं पाणी साठलंय. तीन महिने थांबा.

"थांबा?" मी जवळजवळ भांडलोच. "मागं थांबलो म्हणून भावाचा कान गेलाय, डॉक्टर."

ते चिडले नाहीत. म्हणाले, आजोबा, हे दुखणं वेगळं. बहुतेक पोरांचं पाणी तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. नाहीच ओसरलं आणि ऐकायला कमीच येत राहिलं, तर पडद्याला बारीक छेद देऊन पाणी ओढू, तांदळाच्या दाण्याहून लहान नळी बसवू. सहा महिने-वर्षानं ती आपसूक पडते. तोवर बाईंना सांगा, याला पुढं बसवा.

तीन महिने मी रोज पाठीमागनं हळू हाक मारून बघायचो. दिवाळी झाली आणि एक दिवस पोरगं म्हणालं, "आबा, सारखं काय हाका मारताय?" तपासणीत पाणी ओसरलेलं निघालं. पैसे तसेच परत आणले.

घरी आलो तेव्हा बापू ओट्यावर बसला होता. मी नेहमीसारखा त्याच्या उजव्या बाजूला बसून सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण त्याचं समाधान झालं नाही. पोराला जवळ ओढलं, मांडीवर आडवा घेतला आणि आधी एका, मग दुसऱ्या कानाला नाक लावून वास घेतला. पोरगं गुदगुल्या होऊन खिदळत होतं.

"न्हाई," बापू म्हणाला.